सफरचंदाच्या चोथ्याचं पीठ केलं, पाव विटेसारखा झाला. चुकलं कुठे?

रसगाळ्या | रविवार, रात्री १०:४०

मित्राचा सफरचंदाचा रस काढायचा छोटा कारखाना आहे आणि गेल्या हंगामापासून मी तिथे पडेल ते काम करतो. पडेल ते म्हणजे मुख्यतः चोथा उचलणं. शंभर किलो फळ प्रेसमधून गेलं की पंचवीस ते तीस किलो चोथा पडतो. साल, गराचे धागे, देठ, बिया, बियांभोवतीची ती टोचरी टरफलं, सगळं एकत्र. एक गुरंवाला तो घेऊन जातो, पण येईल तेव्हा येतो. सकाळी पिंपात भरलेल्या चोथ्यात दुपारी हात घातला तर आतून कोमट लागतो. संध्याकाळी व्हिनेगरचा वास सुटतो आणि दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं की चिलटांचा ढग थेट तोंडावर.

मला ते बघवेना. एकदा ताजा ताजा आठ किलो चोथा घरी आणला. ओव्हनचं दार किंचित उघडं ठेवून सत्तर अंशांवर वाळवला, दोन पाळ्यांत, मधूनमधून हलवत. दिवस गेला त्यात. शेवटी चहाच्या पत्तीसारखा तपकिरी, कुरकुरीत माल हातात आला, वजन सव्वादोन किलो. मिक्सरमधून काढला, चाळला. वास असा की घरातले सगळे स्वयंपाकघरात डोकावून गेले.

इथपर्यंत मी हवेत होतो. मग पाव केला. पाचशे ग्रॅम गव्हाच्या पिठातलं शंभर ग्रॅम काढून त्या जागी हे घातलं. कणिक आधी सगळं पाणी पिऊन कोरडी ठणठणीत, भेगा पडलेली. आणखी पाणी घातलं तर दहा मिनिटांनी तळहाताला शेंबडासारखी चिकटायला लागली (शब्दाबद्दल माफी, दुसरा सुचत नाही). फुगली निम्मीच. भाजून बाहेर आली ती वीट. कापली तर मध्ये ओलसर, चकचकीत पट्टा.

तर जाणकारांना विचारायचंय: माझं काय चुकलं? आणि असा चोथा खाद्यपदार्थात घालण्याजोगा करणारे लोक नेमकं काय करतात?

---

कोरीपाटी | रविवार, रात्री ११:०५

वीट फेकू नका. अशा तीस झाल्या की ओटा बांधून होईल.

बाकी तुमची चिकाटी थोर आहे. वाचतोय.

---

सुमेधा_प | सोमवार, सकाळी ७:५०

रसगाळ्यादादा, तुमचं फार काही चुकलेलं नाही, प्रमाण चुकलंय. पोटात जाणाऱ्या तंतूंना आपण मराठीत चोथाच म्हणतो, आणि तुम्ही पावात अक्षरशः तेच घातलंत, पिठाच्या वीस टक्के!

पाव फुगतो तो ग्लुटेनच्या, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाच्या, जाळ्यामुळे. चोथ्यात ग्लुटेन अजिबात नाही, म्हणजे जाळं आधीच विरळ झालं. त्यात सालीचे बारीक कण त्या जाळ्याला जागोजागी भोकं पाडतात आणि वायू निसटतो. तिसरी गंमत पाण्याची. चोथ्याचं पीठ आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतं, पण सावकाश. म्हणून कणिक आधी कोरडी वाटली. तुम्ही घाईने पाणी वाढवलंत, तोवर आतलं पेक्टिन (जॅमला घट्ट करणारा फळातला पदार्थ) विरघळायला लागलं आणि शेंबूड झाला. (शब्द बरोबर आहे. आमच्याकडे प्रयोगशाळेतही हाच वापरतात, फक्त अहवालात लिहीत नाहीत.)

पुढच्या वेळी पाचशे ग्रॅम पिठाला पंचवीस ग्रॅमच घ्या. ते आधी तिप्पट-चौपट पाण्यात अर्धा तास भिजू द्या आणि मग तो लगदा कणकेत मिसळा. बिस्किटं आणि केक जास्त सोशीक असतात. तिथे ग्लुटेनच्या जाळ्यावर सगळी मदार नसते, म्हणून दहा-पंधरा टक्के चालून जातं.

पण एक विचारते. दळताना बिया वेगळ्या काढल्या होत्या ना?

---

रसगाळ्या | सोमवार, सकाळी ८:१२

बिया? नाही हो ताई. सगळंच दळलं. का?

---

सुमेधा_प | सोमवार, सकाळी ८:३०

मग ते पीठ बाजूला ठेवा. घाबरू नका, दोन तुकडे पावाने काही होत नाही. पण खाण्याचा घटक म्हणून ते चालणार नाही.

सफरचंद, जर्दाळू, पीच, चेरी या सगळ्यांच्या बियांत ॲमिग्डॅलिन असतं. बी अख्खी गिळली तर ती बहुधा तशीच बाहेर पडते. दळली आणि ओली झाली की तिच्यातलंच एन्झाइम ॲमिग्डॅलिन फोडतं आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. सफरचंदाच्या चार-दोन बियांनी माणूस दगावत नाही, पण किलोवारी पीठ करून रोज कुणाला तरी खाऊ घालायचं असेल तर हिशेब बदलतो. जर्दाळूची कडू बी तर फारच जहाल. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं की कच्च्या, लहान अशा तीनपेक्षा जास्त बिया एका वेळी खाल्ल्या तरी प्रौढ माणसाची सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

तरी त्याच जर्दाळूच्या बियांपासून मार्झिपानसारखं (बदाम-साखरेच्या गोड लगद्यासारखं) पर्सिपान करतात. आधी बिया पाण्यात भिजवून कडूपणा काढून टाकतात. म्हणजे टाकाऊ गोष्ट खाण्याजोगी होते, पण मधली पायरी गाळून नाही.

तुमच्यासाठी सोपा उपाय आहे. चोथा वाळला की दळायच्या आधी हाताने चुरून मोठ्या भोकांच्या चाळणीतून काढा. बी जड आणि गुळगुळीत असते, साल हलकी. पाखडलं तरी वेगळी होते.

---

उलटतपासणी | सोमवार, दुपारी १:२०

मी नेहमीप्रमाणे विरुद्ध बाजूला बसतो.

'कचऱ्यातून सोनं' छाप उत्साहाची मला ॲलर्जी आहे. फळावर मारलेली औषधं सर्वांत जास्त कुठे राहतात? सालीवर. तुम्ही रस काढून घेतला आणि साल वाळवून तिचा अर्क केलात, म्हणजे जे नको ते दाट झालं. सडक्या सफरचंदातल्या बुरशीचं विष, पॅट्युलिन, ते वेगळंच. रसासाठी त्याची मर्यादा किलोमागे ५० मायक्रोग्रॅम आहे. ते आंबट पदार्थात उकळूनही नीट जात नाही, मग सत्तर अंशांच्या ओव्हनला काय दाद देणार? कारखान्यात रसासाठी फळ कुठलं घेतात तेही सांगा. जे मांडून विकता येत नाही ते!

गाय खातेय ना? खाऊ द्या. ती त्याचं दूध करते. याहून चांगली प्रक्रिया कुणाला जमलीय?

---

सुमेधा_प | सोमवार, दुपारी २:०५

उलटतपासणी, तुमचे दोन्ही मुद्दे रास्त आहेत आणि दोन्हींचं उत्तर एकच: प्रेसच्या आधी. सडका भाग चोथ्यातून निवडता येत नाही, फळातून येतो. फळ धुणं, निवडणं, डाग कापणं हे रसासाठी करता त्याच काटेकोरपणे चोथ्यासाठी करायला हवं. पॅट्युलिन पाण्यात विरघळतं, त्यामुळे बरंचसं रसातच उतरतं. पण म्हणून चोथा सुटला असं नाही, तपासणी लागतेच.

चोथा ज्या क्षणी 'कचरा' म्हणून पिंपात पडतो, त्या क्षणी तो अन्न राहत नाही. नंतर कितीही यंत्रं लावा. तो अन्न म्हणूनच पडला पाहिजे: स्वच्छ भांड्यात, घड्याळ लावून.

---

यांत्रिक | सोमवार, रात्री ९:३५

घड्याळाचं नाव निघालं म्हणून घुसतो. आयुष्य ड्रायर दुरुस्त करण्यात गेलंय.

चोथ्याचं खरं दुखणं पाणी आहे. ताज्या चोथ्यात साधारण ७५ टक्के पाणी धरू. १०० किलोत घन भाग २५ किलो. तो १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवला तर माल मिळतो सुमारे २८ किलो, म्हणजे ७२ किलो पाणी वाफ करून उडवायचं. (रसगाळ्या, तुमचे आठाचे सव्वादोन किलो या हिशेबात चपखल बसतात, वाळवणी चांगली केलीत.) एक किलो पाण्याची वाफ करायला किमान २२६० किलोज्यूल लागतात. यात सवलत नाही, निसर्गाचा दर आहे. ७२ किलोला झाले सुमारे ४५ युनिट वीज, तेही ड्रायरने एक थेंब उष्णता वाया न घालवता. तसा ड्रायर मी अजून पाहिलेला नाही.

आता तोच चोथा वाळवण्याआधी स्क्रू प्रेसमधून पुन्हा पिळून ६५ टक्क्यांवर आणला तर? वजन उरतं ७१ किलो. सुमारे २९ किलो पाणी नुसत्या दाबाने गेलं आणि उडवायचं राहिलं ४४ किलोच्या आत. पंचेचाळीसचे सत्तावीस युनिट झाले. वरवर दहाच टक्क्यांचा फरक, पण खर्च चाळीस टक्क्यांनी उतरतो. लोक महागडा ड्रायर घेतात आणि प्रेसमध्ये कंजुषी करतात, तिथे त्यांचं दिवाळं निघतं.

अर्थात पिळलेल्या पाण्यात साखर आणि आम्ल जातं. ते गटारात सोडू नका, दुसरी डोकेदुखी होईल. यीस्ट घालून आधी मद्यार्क आणि मग व्हिनेगर करता येतं. तुमच्या पिंपात ते आपोआप होतच होतं, फक्त कुणी न सांगता.

आणि 'कुरकुरीत लागला' यावर भरवसा ठेवू नका. पीठ हवेतला ओलावा ओढतं. वॉटर ॲक्टिव्हिटी, म्हणजे बुरशीला वापरता येईल अशा मोकळ्या पाण्याचं माप, ०.६ च्या खाली असेल तर बुरशीला काही करता येत नाही. डब्यात गठ्ठे व्हायला लागले की समजा, वर सरकतेय.

---

उलटतपासणी | सोमवार, रात्री १०:१०

यांत्रिक, म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचे निघालात. ओला चोथा गायीला द्या, शून्य युनिट.

---

यांत्रिक | सोमवार, रात्री १०:२२

गाय कारखान्याच्या दारात बांधलेली असेल तर अगदी मान्य. लांब असेल तर तुम्ही ट्रकमधून तीन चतुर्थांश पाणी वाहताय. त्यालाही डिझेल लागतं. आणि हंगामात सगळ्यांचा चोथा एकाच वेळी येतो, गायींची पोटं मात्र तेवढीच राहतात.

---

फिरस्ता | मंगळवार, सकाळी ६:४५

थोडं विषयांतर, पण मोह आवरत नाही. कोस्टा रिकात ग्वानाकास्ते इथे नव्वदच्या दशकात एका रस कंपनीची संत्र्याची सालं, सुमारे हजार ट्रक, म्हणजे १२,००० टन, एका उजाड कुरणात तीन हेक्टरांवर ओतली. कल्पना डॅनियल जॅन्झेन आणि विनी हॉलवॉक्स या शास्त्रज्ञ जोडप्याची. मग प्रतिस्पर्धी कंपनी कोर्टात गेली आणि काम थांबलं. दीड दशकाने संशोधक तिथे परतले तेव्हा जागा सापडेना, कारण पाटी झाडोऱ्यात गडप झाली होती. शेजारच्या साल न टाकलेल्या जमिनीपेक्षा जमिनीवरचं जैवभार (झाडाझुडपांचं एकूण वजन) १७६ टक्क्यांनी जास्त भरलं.

सगळंच माणसाच्या ताटात यायला हवं असं नाही, एवढंच.

---

लिंबूटिंबू | मंगळवार, सकाळी ११:१५

एवढी मोठी माणसं बोलतायत तिथे मी घरगुती सांगते. मी सफरचंदाच्या साली आणि मधले गाभे फ्रीजरमध्ये साठवते आणि पिशवी भरली की त्यांचं पेक्टिनचं पाणी काढते. बुडतील इतकं पाणी, एका लिंबाचा रस, मंद आचेवर चाळीस मिनिटं. मग फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवायचं. पिळायचं नाही, पिळलं की गढूळ होतं. सकाळी खाली जे जमतं ते आटवून निम्मं करायचं. स्ट्रॉबेरीसारख्या न धरणाऱ्या फळाचा जॅम यानं छान बसतो.

जमलंय की नाही याची परीक्षा माझ्या मावशीने शिकवली. थंड झालेलं पाणी एक चमचा वाटीत घ्यायचं आणि त्यावर तीन चमचे स्पिरिट हळूच ओतायचं. मिनिटभर थांबून वाटी तिरकी करायची. काट्याने अख्खा उचलता येईल असा गोळा झाला तर पेक्टिन भरपूर. नुसत्या दोऱ्या तरंगल्या तर आणखी आटवा. काहीच झालं नाही तर विसरा. वाटीतलं लगेच फेकायचं, चाखायचं नाही!

---

सुमेधा_प | मंगळवार, दुपारी १२:४०

लिंबूटिंबू, तुमच्या मावशींना नमस्कार. कारखान्यातही मुळात हेच करतात. गरम आम्लात पेक्टिन सोडवायचं, गाळायचं, अल्कोहोलमध्ये त्याचा गोळा पाडायचा, धुऊन वाळवून दळायचं. १८२५ मध्ये ब्राकोनो या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने पेक्टिनला नाव दिलं, ग्रीक शब्दाचा अर्थ गोठणं, घट्ट होणं. १९०८ च्या सुमारास जर्मनीत जॅमवाल्यांनी सफरचंदाच्या चोथ्यापासून ते द्रवरूपात विकायला काढलं. म्हणजे 'चोथ्यातून घटक' ही काही आजकालची टूम नाही. जॅमच्या बाटलीवर ई-४४० लिहिलेलं असतं ते हेच.

वाळलेल्या सफरचंदाच्या चोथ्यात पेक्टिन दहा ते पंधरा टक्के, लिंबूवर्गीय सालीत वीस ते तीस. म्हणून आज बहुतेक माल लिंबाच्या आणि संत्र्याच्या सालीचा. सफरचंदाचं पेक्टिन रंगाने तपकिरी येतं, कारण चोथा हवेत काळवंडतो. पण बेकरीतल्या फळांच्या सारणाला ते चांगलं मानतात.

आता मला खरी आवडणारी गोष्ट. संत्र्याच्या सालीचे दोन रस्ते असतात आणि ते पहिल्या तासातच फुटतात. गुरांचं खाद्य करायचं असेल तर चिरलेल्या सालीत चुना घालतात. चुन्यातलं कॅल्शियम पेक्टिनला पकडतं, त्याचा बुळबुळीतपणा जातो, धरून ठेवलेलं पाणी सुटतं आणि साल सहज पिळता येते. पिळलेलं पाणी आटवून काकवीसारखं करतात, उरलेलं वाळवून गोळ्या पाडतात. यांत्रिकदादांचा पाण्याचा प्रश्न चुना फुकटात सोडवतो! पण त्या सालीतून मग चांगलं पेक्टिन निघत नाही. पेक्टिन हवं असेल तर चुना नाही. साल ताबडतोब गरम पाण्यात बुडवून तिचं एन्झाइम मारायचं, कारण ते पेक्टिनची मोडतोड करत असतं. मग साखर धुऊन काढायची, नाहीतर वाळताना करपते, आणि बेताच्या आचेवर वाळवायचं. साल तीच, पण खाद्य की घटक हे ठरवायला कुणालाही आठवडाभर मिळत नाही.

---

कोरीपाटी | मंगळवार, दुपारी १:०२

माझ्या मुरंब्यावर इतकं राजकारण असतं हे माहीत नव्हतं. पुढे?

---

कोयाडं | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

सगळे सालींवर बोलतायत, कोयीला कुणी वाली नाही म्हणून.

आंब्याचा गर काढणाऱ्या कारखान्यात साल आणि कोय मिळून फळाचा तिसरा हिस्सा तरी जातो, कधी त्याहून बराच जास्त. कोय फोडली की आतल्या गराच्या सुक्या वजनावर साधारण सात ते पंधरा टक्के स्निग्धांश निघतो. त्यात स्टिअरिक आणि ओलेइक आम्ल भरपूर, म्हणून तो खोलीत घट्ट राहतो आणि तोंडात वितळतो, कोको बटरच्या जवळपास. युरोपच्या २००० सालच्या चॉकलेटच्या नियमांत कोको बटरखेरीज जे सहा स्निग्ध पदार्थ चालतात, त्यांत आंब्याच्या कोयीचं तेल आहे. मर्यादा तयार मालाच्या पाच टक्के.

अडतं कुठे? पुन्हा तिथेच. ओल्या कोयी ढिगात पडून राहिल्या की तेल कुजकट होतं, आम्लता चढते आणि शुद्ध करण्यात नफा जातो. कोय फोडण्यापेक्षा ती वेळेत वाळवणं जास्त कठीण आहे. (सालीचं पीठ करणाऱ्यांसाठी: आंब्याच्या सालीतल्या चिकाने काही जणांना पुरळ येतं. काजूच्या कुळातलं झाड आहे ते.)

द्राक्षांबद्दल एकच ओळ. केकमधलं क्रीम ऑफ टार्टर हे वाइनच्या पिंपाच्या आतल्या भिंतीवर जमणारं किटण शुद्ध करून मिळतं. ते 'कचऱ्यातलं' म्हणून कुणी नाक मुरडलेलं ऐकलं नाही.

---

उलटतपासणी | मंगळवार, रात्री ८:१५

क्रीम ऑफ टार्टरवर मी निरुत्तर. घरी डबा आहे.

पण एक अट घाला सगळ्यांनी. या पिठांच्या पाकिटांवर 'अँटिऑक्सिडंटचा खजिना', 'अमुक रोगावर गुणकारी' असलं काही छापू नका. काचेच्या नळीत जे दिसतं ते शरीरात तसंच होतं असं नाही. 'सफरचंदाचे तंतू, पाणी धरतात, पाव मऊ राहतो' एवढं खरं लिहिलं तरी माल खपेल.

---

सुमेधा_प | मंगळवार, रात्री ८:४०

उलटतपासणी, याला माझी सही. लिंबूवर्गीय तंतू बाजारात खपतात ते नेमके याच कामासाठी: मेयोनेजमध्ये, मांसाच्या पदार्थांत, केकमध्ये पाणी आणि तेल बांधून ठेवायला. औषध म्हणून नाही.

---

रसगाळ्या | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ९:५०

मंडळी, हजर.

पाव जमला! पंचवीस ग्रॅम पीठ, आधी भिजवून, बिया पाखडून. वरचं कवच जरा गडद, आत मऊ, आणि तिसऱ्या दिवशीही कोरडा पडला नाही. विटेचा ओटा रद्द, कोरीपाटींची क्षमा मागतो.

पेक्टिन मात्र फसलं. कारखान्यातला ताजा चोथा आणला आणि लिंबूटिंबूताईंच्या पद्धतीने सगळं केलं, टांगलं, आटवलं. वाटीत स्पिरिट ओतलं, मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली, एक दोरासुद्धा नाही. नुसतं पिवळं पाणी. बाजारातून आणलेल्या सफरचंदांच्या साली घेऊन पुन्हा केलं तर लख्ख गोळा! म्हणजे हात माझा वाईट नाही. मग चोथ्याचं काय बिनसलं?

---

सुमेधा_प | शनिवार, रात्री १०:०५

प्रेसच्या आधी लगद्यात एन्झाइम घालता का? छोट्या बाटलीतला तपकिरी द्रव वगैरे?

---

रसगाळ्या | शनिवार, रात्री १०:११

घालतो! मित्र स्वतः मोजून घालतो, मला हात लावू देत नाही. म्हणतो त्याने रस जास्त सुटतो.

---

सुमेधा_प | शनिवार, रात्री १०:२०

सापडला चोर. ते पेक्टिनेज. सफरचंदाच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवतं ते पेक्टिन, हे एन्झाइम तेच कापून टाकतं. म्हणून लगदा सैल पडतो आणि रस भराभर सुटतो. तुमचं पेक्टिन वाटीत येण्याआधीच बारीक तुकडे होऊन बरंचसं रसातून वाहून गेलं होतं. पिठासाठी हा चोथा उत्तम. पेक्टिनसाठी मात्र हा चोथा कामाचा नाही.

---

यांत्रिक | शनिवार, रात्री १०:३२

हे मला ठाऊक नव्हतं. ड्रायरवाल्याला कुणी सांगत नाही.

---

रसगाळ्या | सोमवार, रात्री ११:१५

शेवटचा वृत्तान्त. आज मित्राच्या हातापाया पडून दिवसाची शेवटची खेप बिनएन्झाइमची काढली. रस लक्षात येण्याइतका कमी पडला. चोथा हाताला गिळगिळीत, जड, प्रेसच्या फडक्यातून सुटता सुटेना, ते धुवायला मलाच लावलं. मित्र बाजूला कॅनमधली कमी झालेली पातळी बोटाने दाखवत उभा होता.

घरी येऊन पाणी काढलं. रात्रभर टांगायला धीर नव्हता, दोन तासांत जेवढं गळलं तेवढं आटवलं. वाटी, स्पिरिट, मिनिटभर शांतता. काटा घातला तर गोळा अख्खा वर आला, पारदर्शक, जेलीफिशसारखा लोंबत. त्याचा फोटो मित्राला पाठवला.

त्याचं उत्तर आलं: "छान. आता हा गोळा माझ्या कॅनमध्ये किती लिटर भरून देतो ते सांग."

हिशेब मांडायला बसलोय. यांत्रिक, जागे असाल तर तुमचा प्रेसचा आकडा बिनएन्झाइमच्या चोथ्याला लागू पडेल का? मला वाटतं तो पासष्टपर्यंत पिळलाच जाणार नाही.